नखांतला चिखल

माझी बायको आनंदा माझ्याशी खोटं बोलते, हे मला तिच्या नखांवरून कळलं. दुपारचं जेवण झालं की ती भजनाला म्हणून कामिनीकडे जायची आणि पाचच्या सुमारास परत यायची. पाय स्वच्छ धुतलेले, लुगड्याचा काठ पिळलेला. पण संध्याकाळी ताटात हात घातला की नखांच्या कडेला काळा चिखल. टाळ वाजवून कोणाची नखं भरत नाहीत, एवढं बहात्तर वर्षांत मलाही कळतं.

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर ती सावध झाली असती.

कामिनी आमच्या एकोडी गावची आशाताई, घरोघरी जाऊन लोकांची तब्येत बघणारी. तिला रस्त्यात गाठून विचारलं की भजन कसं चाललंय. ती म्हणाली, छान चाललंय. कोणकोणती म्हणता, असं विचारलं तर तिला एकदम पलीकडच्या गल्लीतली बाळंतीण आठवली आणि ती भराभर निघून गेली. म्हणजे हीसुद्धा सामील होती.

घरातही लक्षणं काही ठीक नव्हती. आनंदा भात दुसऱ्यांदा वाढून घेऊ लागली. पडल्या पडल्या झोपू लागली. मी विचारायच्या आतच गोळी घेऊन मोकळी व्हायची. दुसरा नवरा खूश झाला असता, मला मात्र घाम फुटला. कारण गेल्या वर्षी नागपूरला तिच्या हृदयात स्टेंट टाकला होता, आणि तेव्हापासून मी तिला पाण्याची बादलीसुद्धा उचलू देत नव्हतो. तिने बांधीकडे, भाताच्या खाचराकडे, फिरकू नये म्हणून शेत गावातल्या ईश्वरला ठेक्याने देऊन टाकलं. बाई चिखलात जात असेल तर कुठे आणि कोणासाठी, आणि तिथे तिला काही झालं तर मला कळवणार कोण, याच विचाराने माझं डोकं फिरलं होतं.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी घरात सांगितली नव्हती. सुट्टी देताना डॉक्टर मला म्हणाले होते की दोन-तीन महिन्यांनी यांना हिंडू-फिरू द्या, झेपेल तेवढं काम करू द्या, चारचौघींत मिसळू द्या. नुसतं घरात बसवाल तर खचतील. मी मान हलवली, आणि घरी येऊन ‘आराम सांगितलाय’ एवढंच सांगितलं. तिला अंगणात छाती धरून खाली बसताना मी पाहिलं होतं, डॉक्टरांनी नव्हतं पाहिलं.

गुरुवारी ती निघाल्यावर दहा मिनिटं जाऊ दिली आणि मागे गेलो. कामिनीचं घर आलं, गेलं; बाईने मान वळवून पाहिलं नाही. बोडीच्या पारीवरून, म्हणजे तळ्याच्या बांधावरून, सरळ पुढे गेली. पारीच्या टोकाला धुरपताची दीड एकर शेती आहे. धुरपता विधवा, तिची बांधी इतकी खोलगट की भातरोवणीचं यंत्र आत फसतं, आणि ऐन रोवणीत मजूर मिळत नाहीत. दहा-अकरा बायका ओळीने वाकल्या होत्या, सगळ्या साठीच्या पुढच्या. आणि धुऱ्यालगतच्या, अगदी बांधाकडेच्या ओळीला, डाव्या हातात पऱ्ह्यांची, भाताच्या रोपांची, पेंडी धरून, पोटरीभर चिखलात माझी बायको. गाणं ती सांगत होती, बाकीच्या मागून म्हणत होत्या.

मी दिसलो आणि गाणं तुटलं.

मी धुरपतालाच धारेवर धरलं. हिला काही झालं तर जबाबदार कोण, असं विचारलं. धुरपता म्हणाली की आम्ही आनंदाला एकच ओळ देतो, तीही कडेची, दर थोड्या वेळाने बसवतो, आणि कामिनी येऊन बीपी मोजून जाते. मी आणखी बोलणार होतो, तेवढ्यात आनंदाने कंबर सरळ केली.

“डॉक्टरनं तुमाले काय सांगतलं होतं?”

“आराम,” मी म्हणालो.

“कामिनीनं दवाखान्याचा कागद वाचून दाखवला मले. सहा महिने झाले. तुमी सांगान, तुमी सांगान म्हणून वाट पाहून राहिली होती मी.”

इतक्या बायकांसमोर मला शरमेने मान वर करवेना. खोटं बोलणारीचा माग काढत आलो होतो आणि खोटारडा मीच निघालो.

“मले भेव वाटते, आनंदा.”

“मलेबी वाटते,” ती म्हणाली. “घरात बसलं का जास्त वाटते.”

ती परत वाकली. मी धुऱ्यावर बसलो, तिच्यावर लक्ष ठेवायला. पण गाणं सुरू होईना. नुसता चिखलात रोप खोचल्याचा आवाज, आणि मधूनच एखादी बाई माझ्याकडे तिरक्या नजरेने बघायची. मी किती वेळ बसणार, हेच त्या पाहत होत्या. पाव तास तसाच गेला. आनंदाने एकदाही वर पाहिलं नाही. शेवटी मी उठलो, धोतर झटकलं आणि घरचा रस्ता धरला.

पारीवरच्या मोहाच्या झाडापाशी पोचलो आणि मागे गाणं सुरू झालं. आवाज तिचाच. आमच्याकडे रोवणी करताना बायका नवऱ्यांवर काहीबाही जोडून गातात, त्याला कोणी हरकत घेत नाही. लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली, पण आनंदाने माझं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. चारचौघांत मी नेहमी मुलाच्या नावाने, ‘सूरजचे बाबा’. आज पाण्यावरून स्पष्ट ऐकू आलं, घनश्याम. आणि लगेच सगळ्या जणी हसल्या.

पुढे काय जोडलं होतं ते ऐकू येईना. मी गुपचूप चार पावलं मागे फिरलो आणि मोहाच्या आड उभा राहिलो.