सम्राटच्या चाळीस कांड्या

कळंबोलीत लोखंडाच्या गोदामांमागं एका पत्र्याच्या शेडमध्ये सरकारी लॅब होती. तिथं वळूंचं वीर्य प्लास्टिकच्या बारीक कांड्यांत भरून गोठवायचे आणि द्रव नायट्रोजनच्या पिंपात बुडवून ठेवायचे, गावोगावच्या गाईंसाठी. पण माल असा, की कांडी वितळवली की शंभरातले पस्तीस शुक्रजंतू जेमतेम हलायचे. बाकीचे पर्मनंट झाल्यासारखे पडून राहायचे.

लॅबचे प्रमुख डॉ. कमळाकर घाणेकरांनी दोन वर्षं खपून यावर उपाय काढला. अंड्याचा बलक किती, ग्लिसरीन किती, थंड किती सावकाश करायचं, सगळं शंभरदा करून पाहिलं. बलक लॅबमध्ये जायचा आणि उरलेलं पांढरं घरी. ते खाऊन खाऊन त्यांची बायको सुचित्रा म्हणाली, "आता कोंबडा आरवला तरी मला मळमळतं."

पण १९८४च्या सप्टेंबरात सम्राट नावाच्या वळूच्या चाळीस कांड्या साठ टक्क्यांवर पोहोचल्या. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी तपासणीला समिती येणार होती. पन्नासच्या वर आलं तर लॅब टिकणार, नाहीतर शेडला टाळं आणि कमळाकरची बदली.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली. कमळाकरनं बजावलं, "मायक्रोस्कोपवर पाण्याचा थेंब नको हां, गंगाराम."

"नाय उडनार सायेब," शिपाई गंगाराम म्हणाला.

आरती सुरू झाली. कमळाकर डोळे मिटून, हात जोडून उभा. एरवी देवाला न मानणारा माणूस, पण समितीच्या धाकानं त्या दिवशी सगळी कडवी मनापासून म्हणाला. डोळे उघडले, तर समोर ताटात झेंडूच्या मधोमध चाळीस कांड्या, प्रत्येकीला कुंकू लावलेलं.

"गंगाराम! पिंपाची पूजा करायची होती ना?"

"नुसत्या पिंपाला पूजून काय करायचा, सायेब? काम करनारा आतला माल. त्यालाच पूजला."

असं म्हणून गंगारामनं कांड्या पुसून भक्तिभावानं परत पिंपात टाकल्या. आरतीभर बाहेर राहून त्या वितळल्या होत्या; कमळाकरनं एक काढून तपासली. एकही हलत नव्हता. आणखी दोन तपासल्या. त्यातही सगळं शांत. नवा माल करावा, तर सम्राटची वीर्य द्यायची पाळी आदल्याच दिवशी झालेली, पुढची चार दिवसांनी. जुना माल पस्तीसचा, तो नापासच.

समिती आली, म्हणजे एकटे दिनानाथराव आले. आधी हातमाग खात्यात होते. त्यांनी कांडी वितळवायला लावली आणि मायक्रोस्कोपला डोळा असा खेटवला की पापण्या भिंगाला घासायला लागल्या.

"वा! काय वळवळतायत!"

कमळाकरच्या लक्षात आलं. साहेब स्वतःच्याच पापण्या बघतायत.

"किती म्हणायचे? सत्तर?"

आता गप्प राहिलं की लॅबही वाचत होती आणि तोही. पण तोंडातून निघून गेलं, "साहेब, ते मेलेत."

"मी स्वतः बघतोय ना? पोहतायत!"

"त्या तुमच्या पापण्या आहेत, साहेब."

दिनानाथरावांनी डोळा बाजूला घेतला, चष्मा लावला आणि चहा घेतला.

आठ दिवसांनी अहवाल आला. माल सत्तर टक्के, लॅब उत्कृष्ट. मात्र प्रमुखाला स्वतःच्या कामावर विश्वास नाही, सबब त्याची बदली. आणि त्या उत्कृष्ट कांड्या ताबडतोब दिनानाथरावांच्या गावी पाठवाव्यात.

कमळाकरनं कागद दोनदा वाचला. मग पिंपातल्या उरलेल्या सगळ्या मेलेल्या कांड्या काढून मोडून टाकल्या.

"गंगाराम, सम्राटला बाहेर काढ. आणि डझनभर अंडी आण."

"आता कोनासाठी सायेब? तुमी तर चाल्लाव."

"मी चाललोय. गाई कुठं चालल्यात?"

गंगाराम पिशवी घेऊन निघाला. कमळाकरनं हात धुतले आणि कांड्यांवर लावायच्या नव्या चाळीस चिठ्ठ्या लिहायला बसला.