बिनआवाजाच्या गाडीचं गाऱ्हाणं

मी बोलतेय. हो हो, मीच, खळ्यात, म्हणजे अंगणात, आंब्याखाली उभी आहे ती. आणि मी चालू आहे, हेही आत्ताच सांगून टाकते. कारण तोंडवलीत आल्यापासून माणसं मला एकच प्रश्न विचारतात, "चालू झाली काय गो?" माणूस भेटल्यावर कोणी "जिवंत आहात का?" असं विचारतं का? मग मलाच का?

मी विजेवर चालणारी गाडी. माझी कंपनी जुनी, तीन पिढ्या डिझेलवर पोसलेली. तिला उतारवयात वीज सुचली आणि मी जन्मले. माझ्या बारशाला मोठा मांडव होता. मला धूर नाही याचं कौतुक करायला स्टेजवर विकतचा धूर सोडला होता. साहेब लोक माझ्या शांततेबद्दल अर्धा तास बोलले, तेही कर्ण्यावरून. एक म्हातारा मेकॅनिक मात्र माझ्या बॉनेटला कान लावून बराच वेळ थांबला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "बिचारी मुकी आहे." ते मला इतकं लागलं, की कुडाळच्या शोरूमला पोचेपर्यंत मी मनातल्या मनात रुसून होते.

तिथून मला भक्तीने घरी आणलं. भक्ती तोंडवलीत चार खोल्यांचं होमस्टे चालवते. समोर समुद्र, ताटात मासे. पाहुण्यांना कुडाळ स्टेशनवरून आणायचं काम तिच्या बाबांचं, म्हणजे गंगारामकाकांचं. तीस वर्षं त्यांनी माझ्याच कंपनीची डिझेल गाडी हाकली. गेल्या वर्षी ती भंगारात गेली आणि काका खळ्यात खुर्ची टाकून जे बसले ते बसलेच. नवी गाडी आली, तीही त्याच कंपनीची, की बाबा उठतील, अशी भक्तीला आशा होती.

काका उठले. माझ्याभोवती एक फेरी मारली आणि वाकून खाली बघितलं.

"सायलेन्सर खंय आसा?"

"हिका नाय, बाबा."

"गेर?"

"तोय नाय."

"मगे आवाज?"

भक्तीने मानेनेच नाही म्हटलं.

"ही गाडी नाय. ह्या कपाट आसा," काका म्हणाले आणि परत खुर्चीत जाऊन बसले.

शेजारच्या बाबलीला गाड्यांतलं सगळं कळतं, कारण त्याच्याकडे सायकल आहे. "ना धड जीप, ना धड मोटार," तो म्हणाला. "बांगडो म्हणशात तर बांगडो नाय, सुरमय म्हणशात तर सुरमय नाय." डिझेलची टाकी शोधायला त्याने मला चारी बाजूंनी ठोकून बघितलं. चार्जिंगची वायर दिसल्यावर तर त्याला हसू आवरेना. "मोबाईलाक चाकां लावलीत मरे!"

मग मला देवळात नेलं. आमच्याकडे नवी गाडी आली की गाऱ्हाणं घालतात. गुरव देवाला मोठ्याने विनवतो आणि जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात. शिवा गुरवाचं गाडीचं गाऱ्हाणं वर्षानुवर्षं ठरलेलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान आज नवी गाडी घेतली आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या इंजिनाक, गेराक, सायलेन्सराक, डिझेलाच्या टाकयेक खंयचीच इडापिडा होवक नको, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळं माझ्याकडे नसलेलं! देवासमोर उभी राहून मी एकेक अवयव ऐकत होते आणि कानकोंडी होत होते. देव तरी कुठे कुठे शोधणार?

चाकांखाली लिंबं ठेवली. "चालू कर मगे," बाबली माझ्यासमोर उभा राहून भक्तीला म्हणाला, तोवर मी त्याच्या गुडघ्याला टेकलेही होते. "आवशीचो घोव!" करत तो उडी मारून देवळाच्या पायरीवर चढला. "इंजिनापेक्षा लिंबू मोठ्यान वाजला," शिवा म्हणाला. सगळे पोट धरून हसले. एवढ्यासाठी खुर्ची सोडून आलेले काका तसेच चालत घरी गेले.

पण खरी फजिती झाली ती स्वयंपाकघरात. जुनी गाडी वडाच्या वळणावर आली की तिची घरघर घरात ऐकू यायची. ती ऐकली की भक्तीची आई, सुभद्राकाकी, माशाच्या तुकड्या तव्यावर सोडायच्या. पाहुणे हातपाय धुऊन पानावर बसेपर्यंत तुकडी कुरकुरीत! इतक्या वर्षांत हे कधी चुकलं नाही. वळणावर मोबाईलला रेंज नाही, आणि तिची कधी गरजही पडली नाही.

मी आले आणि पाहुणे थेट दारात उगवायला लागले. काकी न्हाणीघरात, तुकड्या मसाल्यात आणि तवा थंड. आता हळू चालताना मी एक बारीक गुणगुण करते, कंपनीने मुद्दाम शिकवलेली. पण समुद्राच्या गाजेपुढे ती कोणाला ऐकू जाणार? दोनदा पाहुणे उपाशी ताटकळले. तिसऱ्यांदा काकींनी अंदाजाने तुकड्या आधीच टाकल्या आणि त्यांचा कोळसा झाला.

"आवाज नाय तर जेवण नाय," काका खुर्चीतून म्हणाले, आणि चांगलेच खूश होऊन म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भक्ती बिचारी एकटी कुठे कुठे पुरणार? होमस्टे सांभाळणार की स्टेशनवर जाणार? परका ड्रायव्हर ठेवायला ती तयार नव्हती. "मगे बाबा त्या खुर्चेतसून कधीच उठूचे नाय," ती आईला म्हणाली. शेवटी तिने मला विकून पुन्हा डिझेलचीच गाडी घ्यायचं ठरवलं. कुडाळच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना मी हवी होते. दिवसभर लोकांचं खोकणं ऐकून वैतागलेला माणूस, त्यांना शांत गाडी पाहिजे होती. आंगणेवाडीची जत्रा झाली की रविवारी बघायला येतो, असा त्यांचा निरोप आला.

मला जायचं नव्हतं हो! इथली माणसं मला हसत होती, पण हसण्यासाठी का होईना, रोज जवळ येत होती. डॉक्टरांकडे मला शांत म्हणतील आणि विसरून जातील.

जत्रेच्या आदल्या दिवशी पुण्याचे पाच पाहुणे दुपारी कुडाळला उतरणार होते. आणि सकाळी मासे साफ करताना शिंगाळ्याचा काटा भक्तीच्या तळहातात घुसला. बघता बघता हात पावासारखा फुगला. बाबली मदतीला धावला, पण त्याला येते फक्त सायकल. सगळ्यांनी खुर्चीकडे बघितलं.

"माका कपाट चालवूक येना नाय," काका म्हणाले. मग त्यांनी लेकीच्या हाताकडे बघितलं आणि चपला घातल्या.

आत बसल्यावर त्यांचा डावा पाय क्लच शोधत राहिला आणि डावा हात गेर. दोन्ही सापडेनात. "चालू झाली काय?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. त्या प्रश्नाला मी पहिल्यांदाच चिडले नाही. हळूच पुढे सरकले. कुडाळपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. फक्त घाटीचा चढ मी सहज चढले, तेव्हा "हूं" म्हणाले. मी ते "हूं" जपून ठेवलंय.

पाहुण्यांना घेऊन आम्ही परतलो आणि वडाच्या वळणावर काकांनी मला एकदम थांबवलं. तवा! त्यांना तवा आठवला. रेंज नाही, मागे पाच उपाशी माणसं. काकांनी आजूबाजूला ओळखीचं कोणी नाही हे बघून घेतलं, काच खाली केली, मान बाहेर काढली आणि,

"घर्रर्रर्र... खट्... घुर्रर्रर्र... खॅक्, खॅक्!"

हुबेहूब! ती जुनी गाडी अख्खीच्या अख्खी त्यांच्या पोटातून बाहेर आली. डाव्या हाताने ते हवेत गेर टाकत होते. माझ्यासाठी कधी न उठलेल्या कोंबड्या पंख फडफडवत पळाल्या.

"काका, बरं वाटत नाहीये का?" मागच्या बाईंनी घाबरून विचारलं.

"दुसरो गेर आसा," काका म्हणाले आणि तिसरा टाकला.

दारात पोचलो तर आत तुकड्या चुरचुरत होत्या. काकी पदराला हात पुसत बाहेर धावल्या. माझ्याकडे बघितलं, मागे रस्त्याकडे बघितलं, मग काकांच्या लालबुंद तोंडाकडे.

"तुमी?"

"मगे कोण?"

"माका वाटला, तीच परत इली," काकी म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरले. काकांचेही भरले, पण ते म्हणाले धूळ गेली. पुण्याच्या बाईंनी चार तुकड्या खाल्ल्या.

रविवारी डॉक्टर आले. "मी फिरवून आणतंय तेंका," काका भक्तीला म्हणाले. आम्ही बेड्याच्या, म्हणजे फाटकाच्या, बाहेर पडतोय न पडतोय तोच, "घर्रर्रर्र!"

डॉक्टर दचकले. "हा कसला आवाज? ही शांत गाडी ना?"

"इंजिनात काम निघालाहा, डॉक्टर."

"पण हिला इंजिनच नसतं!"

"म्हणान तर काम जास्त आसा. खॅक्, खॅक्!"

डॉक्टरांनी मला थांबवायला लावलं. आता काकांची चोरी पकडली जाणार म्हणून माझी चारी चाकं गार पडली. डॉक्टरांनी खिशातून छोटा टॉर्च काढला. "आ करा," ते काकांना म्हणाले. काकांनी आ केला. "घसा सोलवटलाय तुमचा. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करा. आणि गाडी तुम्हीच ठेवा."

आता रोज सकाळी काका खळ्यात उभे राहून गुळण्या करतात. इतर गाड्यांचं सर्व्हिसिंग गॅरेजात होतं, माझं असं होतं. खुर्चीत कोंबड्या बसतात. तुम्ही कधी तोंडवलीला आलात, वळणावर डिझेल गाडीची घरघर ऐकलीत आणि धूर दिसला नाही, तर समजा मीच येतेय. बाजूला व्हा. आणि एवढी विनंती ऐका, काकांना थंड काही पाजू नका हो. इंजिन बसेल.

परवा मला पुन्हा देवळात नेलं.

"बा देवा म्हाराजा!" शिवा म्हणाला, "मागच्या वेळाक आमचो घोळ झालो, तो पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!"

"गंगारामाचो घसो हाच हिचा इंजिन. तेका खोकलो, पडसा, खंयचीच इडापिडा होवक नको, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हटलं. नेहमीप्रमाणे कोणाला ऐकू गेलं नाही. पण काकांनी बॉनेटवर हात ठेवला आणि वाकून हळूच विचारलं, "चालू आसस मा गो?"

आसंय, काका. चालू आसंय.