एकट्या रायची ओंबी

राय या गव्हासारख्या धान्याचा जनुकसंच अखेर पुरता वाचून झाला, तेव्हा प्रयोगशाळेत कॉफीबरोबर केक कापला गेला. माणसाच्या दुपटीहून मोठा आणि त्यातही तेच तेच पुन्हा घोकणारा तो पसारा, आता या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग लागला होता. हे काम करणाऱ्या तूलिक्कीचं सगळ्यांनी अभिनंदन केलं. तिने मात्र केकची बशी बाजूला सारली. दुपारी एवर्ट यायचा होता.

एवर्ट म्हणजे सावो नावाच्या जंगलभागातला ऐंशी ओलांडलेला म्हातारा. धान्य वाळवायच्या जुन्या लाकडी कोठीत, फळ्यांच्या फटीत त्याला मूठभर दाणे सापडले होते. त्याच्या आजोबांची राय ती. जंगल जाळून राखेत पेरायची जात, आता कुठेच न उरलेली. ते दाणे तूलिक्कीच्या ओंजळीत ओतून तो म्हणाला होता, "वाचायचं ते वाच, पोरी. मला फक्त पेरण्यापुरतं बी दे. डोळे मिटायच्या आत ती शेतात उभी दिसली पाहिजे." तिने शब्द दिला होता.

मूठभर दाण्यांतून उगवली दोनच रोपं. तूलिक्कीचा जन्म गेला जवावर. जवाला कुणाची गरज नसते, एक रोप राखलं की झालं, त्याचं तेच बी धरतं. म्हणून वाचायला कोवळा पाला हवा होता तेव्हा सवयीच्या हाताने सवयीचंच काम केलं. पाल्यातला स्टार्च उतरावा म्हणून एक रोप अंधारात ठेवलं, मुळापासून कापलं, गोठवून त्याची पूड केली. बियाण्याला दुसरं आहेच की!

पण राय म्हणजे जव नव्हे. तिला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, स्वतःचा ती घेत नाही. हे तूलिक्की दर वर्षी नव्या मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवायची. उरलेल्या रोपाला तुरे लोंबले तेव्हा कुठे तिला ते आठवलं. मग बैल गेला नि झोपा केला. न उगवलेले दाणे पुन्हा भिजवले, ते कुजले. रोपाला ऊब देऊन पाहिली, ब्रशने पराग फिरवला. काही म्हणता काही झालं नाही.

एवर्ट आला तो बर्च झाडाच्या सालीची डबी घेऊनच.

"केकबिक दिसतोय! लग्न कुणाचं?" त्याने दारातूनच विचारलं.

कुणीतरी हसलं. तूलिक्की त्याला काचघरात घेऊन गेली.

"भाजावळ करून ठेवलीय," तो चालता चालता सांगत होता. "मुलगी ओरडली, या वयात कसले आगीशी खेळता म्हणून. ओरडू दे. मूठभर देशील ना?"

तिने रोपाकडे बोट दाखवलं. त्याने एक ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली. दुसरी चोळली. तिसरी. सगळ्या पोचट.

"दाणा कुठाय?"

"एकट्या रायला धरत नाही."

"ते ठाऊक आहे मला. मग जोडीला दुसरं का नाही ठेवलंस?"

"होतं दुसरं," ती म्हणाली. "मी त्याची पूड केली. वाचायला."

एवर्टने कुंडीत पडलेलं फोलपट वेचून तळहातावर घेतलं.

"मग एवढं वाचलंस, त्यात हे लिहिलं नव्हतं? एकटीला धरत नाही म्हणून?"

"लिहिलंय." नेमकं कुठे, तेही तिला दाखवता आलं असतं. "पण वाचायची गरजच नव्हती, एवर्ट. मला आधीपासून माहीत होतं."

तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"हिच्यावर दुसऱ्या रायचा पराग टाकून पुन्हा बघता येईल," ती घाईने म्हणाली. "निम्मी तरी तुमची असेल."

"निम्मा आजोबा घेऊन काय करू?"

तळहातावरचं फोलपट त्याने झटकलं नाही. डबी उघडून ते आत भरलं आणि झाकण लावलं.

"अहो, ते कशाला नेताय?"

"मुलगी बांधावर उभी असेल," एवर्ट म्हणाला. "तिला मी काहीतरी पेरताना दिसायला हवा."