देवाचं नाव न घेता तीस दिवस

देवाचं नाव मास्तरीणबाईंच्या तोंडी जितकं असे तितकं गावात दुसऱ्या कुणाच्या तोंडी नसेल, अगदी चर्चच्या पाळकसाहेबांच्यासुद्धा नाही. फरक एवढाच, की पाळकसाहेब ते उपासनेत घेत आणि बाई ते समोरच्याने गिअर चुकवला की घेत.

बाई गाडी चालवायला शिकवत. एक छोटी पांढरी गाडी, तिच्यात शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक, आणि त्या दोन पायपट्ट्यांच्या भरवशावर बाईंनी सत्तावीस वर्षं जीव मुठीत धरून काढलेली. शिकाऊ माणसाने चौकात गाडी बंद पाडली की 'देवा रे देवा!', फुटपाथवर चढवली की 'अरे देवा!', आणि एखाद्याने चुकून सगळं बरोबर केलं तर 'देवा, हे काय झालं!'. घरी दूध उतू जावो, चष्मा हरवो, नको त्या वेळी शेजारीण टपको, सगळ्यावर हेच एक औषध. त्यात आपलं काही चुकतंय असं त्यांच्या मनातही येत नसे. दर रविवारी त्या न चुकता उपासनेला जात. दहाही आज्ञा त्यांना तोंडपाठ होत्या. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये ही आज्ञा आली, की त्या भक्तिभावाने मान हलवत आणि शेजारणीकडे बघत.

बाईंचा जीव होता नातीत. नात तीन वर्षांची, गोल आणि टणक, म्हणून तिचं नाव पडलं होतं गोटी. लेक दवाखान्यात नर्स होती. सकाळचे वर्ग आटोपून बाई दहाला घरी येत, तेव्हा लेक गोटीला त्यांच्या ताब्यात देऊन कामावर जाई आणि सहाला न्यायला येई. दहा ते सहा हे बाईंचे दिवसातले खरे तास. उरलेले नुसते घड्याळात असत. नवरा गेल्यापासून घरात जो शुकशुकाट झाला होता तो गोटीने दोन दिवसांत हाकलून लावला होता.

आणि एका रविवारी गोटीने घात केला.

उपासना चालू होती. पाळकसाहेब म्हणाले, "आता आपण दोन मिनिटं शांत राहू. ज्याने त्याने मनात देवाशी बोलावं." सगळी मंडळी डोळे मिटून बसली. पंखा तेवढा कुरकुरत होता. तेवढ्यात गोटीच्या हातातली लाकडी गाडी निसटून बाकाखाली गेली, आणि त्या गाढ शांततेत एक खणखणीत आवाज घुमला.

"देवा रे देवा! क्लच दाब, क्लच!"

शब्द बाईंचे, सूर बाईंचा, शेवटी कपाळावर मारलेला हातसुद्धा बाईंचाच. पहिल्या बाकावरचा म्हातारा सुतार खाली वाकला तो वर येईचना. पेटीवाल्या ताई भिंतीकडे तोंड करून हलायला लागल्या. पाळकसाहेबांनी पुस्तक चेहऱ्यापुढे धरलं, पण पुस्तकही हलत होतं. अख्ख्या मंडळीला मनातून एकच प्रश्न पडला होता, की देवाने आता क्लच दाबावा की नाही. बाई स्वतः पदराआड खुदखुदल्या.

हसली नाही ती एकटी लेक.

"आई, मला यात काही गंमत वाटत नाही," घरी आल्या आल्या ती म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "मी रोज झोपताना तिला प्रार्थना शिकवते. 'देवा' म्हटलं की ती इकडेतिकडे बघते, काय सांडलं, काय पडलं म्हणून! तिला वाटतं, काही बिघडलं की म्हणायचा तो शब्द आहे."

"अगं, लहान आहे ती. कळेल हळूहळू."

"कसं कळेल? तू अठ्ठावन्न वर्षांची झालीस, तुला कुठे कळलंय?"

हे वर्मी लागलं. लेकीने मग शांतपणे आपला निर्णय सांगितला. उद्यापासून गोटी पाळणाघरात. एक महिना. तीस दिवस बाईंच्या तोंडून असं उगाचच्या उगाच देवाचं नाव निघालं नाही, तर गोटी परत आजीकडे. निघालं, तर पुढचा महिनाही पाळणाघर.

"आणि तुला कळणार कसं?" बाईंनी तरीही विचारलं.

"पाळकसाहेब सांगतील. ते रोज सकाळी तुझ्याच गाडीत असतात ना?"

बाईंनी कपाळाला हात लावला. कारण मंडळीने नुकतीच पाळकसाहेबांसाठी एक जुनी गाडी मिळवली होती, आणि साठाव्या वर्षी ते चालवायला शिकत होते. माणूस देवमाणूस. पण बाईंच्या सत्तावीस वर्षांच्या कारकिर्दीत इतका वाईट शिकाऊ त्यांना मिळाला नव्हता. डावीकडे वळा म्हटलं की ते आधी डावा हात बघत. म्हणजे जो रोज मोहात पाडणार तोच साक्षीदार, आणि साक्षीदारही असा की जो मेला तरी खोटं बोलणार नाही!

पहिल्या दिवशी पाळकसाहेबांनी गाडी मागे घ्यायच्या ऐवजी पुढे घेतली आणि भाजीच्या हातगाडीपासून वीतभर अंतरावर थांबवली. थांबवली म्हणजे बाईंनी थांबवली. त्यांच्या तोंडात ते नाव येऊन उभंच राहिलं. बाईंनी ओठ घट्ट मिटले, डोळे गरगरा फिरवले आणि शेवटी त्यांच्या तोंडून निघालं, "भोपळा!"

"कुठे?" पाळकसाहेबांनी घाबरून हातगाडीकडे पाहिलं.

असे दिवस सुरू झाले. दुसऱ्या दिवशी 'अरे टमाटा', चौथ्या दिवशी 'अगं माझ्या चपले'. बाजारातल्या लोकांना वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. पाळकसाहेब बिचारे अपराधी चेहऱ्याने म्हणत, "बाई, तुमच्यासाठी तरी मला नीट चालवायला हवं." आणि ते इतका प्रयत्न करत की आणखीच चुकत. पण बाई हट्टाला पेटल्या होत्या. दहा वाजता रिकाम्या घराचं कुलूप काढताना छातीत कळ येई, आणि तीच कळ दुसऱ्या दिवशी त्यांचं तोंड बंद ठेवी. दहा दिवस गेले. जीभ हळूहळू वळणावर आली.

अकराव्या दिवशी संध्याकाळी बाई नेहमीसारख्या प्रार्थनेला बसल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, की तोंडातून शब्द फुटत नाही. 'देवा' म्हणायला गेल्या आणि अडखळल्या. दिवसभर जो शब्द दाबून ठेवायचा तो आता कसा काढायचा? आणि काढून कुणापुढे? इतकी वर्षं ज्याच्या नावाने रस्त्यावर ओरडलो, त्याच्याकडे एकदाही वळून बघितलं नाही, असं त्यांना एकदम वाटलं. त्या तशाच उठल्या. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. आता बाई खरंच घाबरल्या. गोटी महिना संपला की परत येईल, पण हे काय हरवून बसलो आपण?

अठराव्या दिवशी पाळकसाहेबांना हॉर्नचा शोध लागला. ते उभ्या ट्रकला हॉर्न देत होते, मांजराला देत होते, शाळेच्या बंद फाटकाला देत होते. बाईंनी बराच वेळ सोसलं आणि मग त्यांचा बांध फुटला.

"पाळकसाहेब, हॉर्न म्हणजे काय खेळणं वाटलं? भीती वाटली की दाबायचा, राग आला की दाबायचा, काही सुचेना की दाबायचा? अहो, ती हाक असते! पुढे कुणीतरी आहे म्हणून मारायची असते. उगाच बोंब मारत सुटायला नसते दिलेली. आपण कुणाला हाक मारतोय याचा पत्ताच नसेल, तर..."

बाई थांबल्या. गाडी बंद पडली होती, मागून कुणीतरी ओरडत होतं, पण त्यांना ऐकू येत नव्हतं. पाळकसाहेबांनी गाडी चालू करून हळूच कडेला घेतली. हे मात्र त्यांना पहिल्यांदाच नीट जमलं.

"माझ्याबद्दलच बोलले ना मी हे?" बाई म्हणाल्या. आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. नाव तोंडातून गेलं आणि प्रार्थनाही गेली, हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

पाळकसाहेबांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "बाई, घेऊ नको असं आज्ञेत म्हटलेलं नाही. पोकळ घेऊ नको असं म्हटलंय. बायबलात मोशेने देवाला त्याचं नाव विचारलं, तेव्हा देवाने सांगितलं ते 'मी आहे' असं. नाव कसलं, तो इथेच आहे एवढाच निरोप होता तो. येशूने तर त्याहून जवळचं सांगितलं, बाप म्हणा म्हणाला. प्रार्थनेत रोजची भाकरी मागायच्या आधी त्या नावाचा मान राखला जावो, असं मागायला शिकवलं. नाव सांगतो तो कशासाठी? आपण हाक मारावी म्हणूनच ना?"

"पण मी इतकी वर्षं उगाचच मारत आले. आता तो कशाला लक्ष देईल?"

"त्याचं लक्ष असतंच. उगाच वाजवून वाजवून कान बधिर होतात ते आपले."

बाईंनी नाक पुसलं. मग म्हणाल्या, "आरशात बघा आणि निघा. हॉर्न नको."

त्या संध्याकाळी बाई स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या होत्या. बाहेर अजून उजेड होता. खिडकीत धुतलेले पेले उपडे घातले होते. त्यांना नवऱ्याची आठवण झाली. तो बाहेरच्या खोलीतून त्यांना नावाने हाक मारी. त्या हात पुसत जाऊन विचारीत, काय हो? तो म्हणे, काही नाही, सहज. तेव्हा बाईंना त्याचा राग येई. कामातून उठवलं म्हणून चांगल्या फणकारत. आज त्या 'सहज'साठी त्यांनी काय वाटेल ते दिलं असतं.

बाईंनी ओला हात पदराला पुसला.

"देवा," त्या हळूच म्हणाल्या.

काही सांडलं नव्हतं, काही मोडलं नव्हतं. काही मागायचंही नव्हतं. बाई तशाच उभ्या राहिल्या आणि त्यांना खात्रीने वाटलं की आपण एकट्या नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नाव घेतलं होतं आणि घेऊन थांबल्या होत्या.

"काही नाही," त्या म्हणाल्या, "सहज." आणि एकट्याच हसल्या. इतका आनंद त्यांना झाला की त्यांनी घासलेला तवा पुन्हा घासला.

पुढचे दिवस भराभर गेले. रस्त्यात बाईंना आता ओठ आवळावे लागत नव्हते. नाव जपून ठेवलं होतं संध्याकाळसाठी. ते गाडीच्या बंपरवर उधळावंसंच वाटेना. त्यांचे भोपळे आणि टमाटेही कमी झाले. "तुम्ही ओरडत नाही तर मला चुकलेलं कळत नाही," अशी तक्रार पाळकसाहेबांनी एकदा केली.

तिसाव्या दिवशी सकाळी दोघं सरावाच्या मैदानावर होते. दोन पिंपांच्या मधे गाडी उलटी घालायची होती. पाळकसाहेब घामाघूम झाले होते. बाई बाहेर उभ्या राहून हातवारे करत होत्या. गाडी इंच इंच मागे आली आणि चक्क दोन पिंपांच्या मधोमध उभी राहिली. एकही पिंप आडवं झालं नाही. बाईंनी टाळ्या वाजवल्या, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

आणि मग मैदानाचं फाटक वाजलं. बाईंनी मागे वळून पाहिलं. गोटी! पिवळी टोपी, एका पायात मोजा आहे, दुसऱ्यात नाही, दोन्ही हात पसरून धावत येत होती. तिच्या मागून लेक. लेकीच्या हातात गोटीची पिशवी होती, तीच, दहा वाजताची, उशी आणि बाटली बाहेर डोकावणारी.

"देवा!"

मैदानभर ऐकू जाईल असं बाई ओरडल्या होत्या. दोन्ही हात वर, तोंड वर, सगळ्या छातीनिशी.

लेक जागच्या जागी थांबली. तिने पिशवी छातीशी धरली. गोटीही गोंधळून अर्ध्यातच उभी राहिली.

"आई," लेक म्हणाली, "आज शेवटचा दिवस होता."

बाईंनी तोंडावर हात नेला, आणि मग खाली घेतला. आता पोर पुन्हा महिनाभर लांब गेली तरी खोटं बोलणं त्यांना शक्य नव्हतं. "हो," त्या म्हणाल्या. "घेतलं मी नाव. चुकून नाही निघालं. त्यालाच हाक मारली."

लेकीने गाडीकडे पाहिलं. साक्षीदार काच खाली करून बसला होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले.

गोटीने एकदा आजीकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे. काही पडलेलं नव्हतं. ती जवळ आली आणि तिने आजीचा पदर ओढला.

"आजी, देवाला बोलावलंस?"

"हो गं राणी."

"मग ओ दिली त्याने?"

बाईंनी तिला उचललं. ती महिन्याभरात जड झाली होती. "दिली की. तू आलीस ना."

लेकीने पुढे येऊन पिशवी आईच्या खांद्याला अडकवली, बंद सरळ केला, आणि हात तिथेच खांद्यावर जरा वेळ राहू दिला. "सहाला येते," एवढंच म्हणाली आणि डोळे पुसत फाटकाकडे निघाली.

ती फाटकाशी पोचली असेल नसेल, तेवढ्यात आजीच्या कडेवरून गोटीने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि आभाळाकडे बघून हाक मारली, "देवा!"

लेक वळली. बाई हलल्या नाहीत. पाळकसाहेबांनी चालू इंजिन बंद केलं. कुणी काहीच बोलेना, कारण गोटीने बोट ओठांवर ठेवलं होतं आणि कान देऊन ती वाट बघत होती.