खडपाच्या पलीकडे

सुलूच्या टोपलीतला जवळा खरा कुणाला कळत असेल तर तो ब्लेसिंगला. मीरा रोडच्या बाजारात सुकी मासळी मांडून बसलं की येणारे-जाणारे नाकाला रुमाल लावून वळसा घालायचे. ब्लेसिंग मूठभर जवळा तळहातावर घ्यायची, नाकाशी न्यायची आणि डोळे मिटून उभी राहायची. उंच, धिप्पाड, काळीभोर बाई. नवरा तयार कपडे जहाजाने लागोसला पाठवायचा, ती कित्येक वर्षं इथेच राहत होती, आणि तिची हिंदी आता सुलूच्या हिंदीइतकीच मोडकी आणि तेवढीच कामाची झाली होती.

"मेरा माँ भी यही काम करता," ती एकदा म्हणाली होती. तिचं गाव नायजेरियात, नदीचे फाटे समुद्राला मिळतात तिथलं. कोळ्यांचंच गाव. "लेकिन धूप में नहीं सुखाता. धुआँ में."

"धुएँ में? फिर मछली खाँसता होगा," सुलू म्हणाली. ब्लेसिंग इतकी हसली की शेजारचा कांदेवाला वळून बघायला लागला.

माघातल्या एका सकाळी ब्लेसिंग आली, पण जवळ्याला हात लावला नाही. सुलूच्या शेजारी उपड्या क्रेटवर बसली. तिचा धाकटा भाऊ एबी तिच्याकडे राहून कॉलेज करत होता. त्याला त्यांच्या चर्चमध्ये घ्यायचं होतं, आणि त्यासाठी समुद्रात पूर्ण बुडवून काढावं लागे. डोक्यावर पाणी शिंपडून त्यांच्या पास्टरचं भागत नव्हतं. गेल्या रविवारी सगळे पांढरे कपडे घालून बस करून उत्तनला गेले होते. वाळूवर पाय टाकायच्या आधीच वॉचमनने बोर्ड दाखवून परत पाठवलं.

"आंटी, तुम्हारा गाँव है. तुम बोलो ना उनको."

तो बोर्ड सुलूला माहीत होता. डिसेंबरात वाडीच्या मंडळाने लावला होता. काही परदेशी पोरं वाळूवर गाणी लावून पीत बसली होती, कुणीतरी त्याचा व्हिडिओ फिरवला, वरच्या रिसॉर्टच्या पाहुण्यांनी तक्रार केली. रिसॉर्टवर वाडीतल्या घरटी एकाला काम होतं. मंडळाने बोर्ड रंगवला: फक्त कुटुंबांसाठी. परदेशी नागरिकांना किनाऱ्यावर मनाई. त्याच महिन्यात जर्मनीचं एक जोडपं बोंबलांचे फोटो काढायला आलं, तेव्हा मंडळाच्या अध्यक्षाने, बाबाजीने, स्वतः त्यांच्यासाठी शहाळी फोडली होती. बोर्डावर काय लिहिलंय आणि तो कुणासाठी आहे, हे वाडीत कुणाला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

बाबाजी सुलूचा चुलत दीर. बैठकीत त्याने उठून सांगितलं होतं, "ज्याच्या घरचं माणूस त्या लोकांना आत घेईल, त्याच्या वलांडी काढून टाकायच्या. मंग बोलायचं न्हाय कुणी."

वलांडी म्हणजे बोंबील टांगायच्या बांबूच्या आडव्या रांगा. किनाऱ्यावर कुणाची वलांडी कुठे, हे मंडळ ठरवत असे. सुलूची जागा सासूकडून आलेली, उंचवट्यावर, वाऱ्याच्या तोंडाशी. तिथे बोंबील दोन उन्हांत वाळून वाजायला लागायचा. खालच्या ओलीत तोच माल काळा पडून वास मारायचा. नवरा महिपत दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. घर वाटणीत अडकलेलं. स्वतःचं म्हणावं असं त्या दोघांकडे काही असेल, तर ते बांबू आणि त्यांच्याखालची जमीन.

"मेरा कोई नहीं सुनता उधर," सुलू म्हणाली.

ब्लेसिंग उठली नाही. बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत बसून राहिली. सुलूला ते बघवेना. मग तिला आठवलं, म्हणजे रोज डोळ्यांसमोर असलेलं आता कामाचं वाटलं: खडपाच्या, त्या काळ्या कातळाच्या, पलीकडे एक वाळूची पट्टी होती. तिथे बोर्ड नव्हता. वॉचमन नव्हता. होड्या लागत नसल्याने पुरुष तिकडे फिरकत नसत. फक्त बायका जायच्या, दगडाला चिकटलेली कालवं काढायला.

"उधर कोई नहीं आता. रास्ता मैं दिखाती."

दिवसही तिनेच काढून दिला. पुनव झाली की पाणी लांब आत जातं, खडप पार उघडं पडतं, आणि बायकांच्या दृष्टीने त्याहून चांगला दिवस नसतो. पुनवेनंतरचा रविवार, दुपार कलल्यावर, पाणी उतरायला लागलं की यायचं. लग्न होऊन आल्यापासून ती त्याच वेळेला तिकडे जात आली होती. पायाखालचा दगड न् दगड ओळखीचा होता. आपण त्या पाण्यात गुडघ्याच्या वर कधी उतरलोच नाही, हे तिच्या मनातही आलं नाही.

रविवारी ते आले. बारा-पंधरा माणसं, पांढरे कपडे, एक लहान ढोलकं. सुलू कोयती आणि टोपली घेऊन थोडी पुढे चालत होती, म्हणजे कुणी पाहिलंच तर बाई आपली कालवांना निघाली आहे असं दिसावं. दगडांवर पास्टरला धाप लागली. साठी ओलांडलेला, हाडकुळा माणूस, नाव मोझेस. ब्लेसिंगचा हात धरून तो बोलत होता आणि ती त्याचं इंग्रजी सुलूसाठी हिंदीत करत होती.

"पास्टर बोलता, उसका शहर में भी ऐसा बोर्ड था. डर्बन. साउथ आफ्रिका. वो बच्चा था तब."

"बीच पे?"

"हाँ. अच्छा बीच गोरा लोगों का. इंडियन लोगों का अलग. काला लोगों को एकदम लास्ट में, नदी का मुँह के पास. उधर पानी खींचता था."

सुलू थांबली. "इंडियन का भी अलग?"

"तुम लोग का भी."

पास्टर पुन्हा काहीतरी बोलला आणि स्वतःच हसला. ब्लेसिंगने ते लगेच सांगितलं नाही.

"क्या बोला?"

"बोलता है, उधर इंडियन और हम दोनों को भगाता था. इधर आके देखा, इंडियन भी बोर्ड बनाना सीख गया."

सुलूने कोयती या हातातून त्या हातात घेतली. "मैंने नहीं बनाया," ती म्हणाली. हे ब्लेसिंगने पास्टरला सांगितलं की नाही, ते तिला कळलं नाही.

वाळूवर पोचल्यावर ती बाजूला झाली आणि खडपावर बसून कालवं फोडायला लागली. मागे गाणं सुरू झालं. पाणी एवढं उतरलं होतं की माणसं चालत गेली तरी घोटे बुडेनात. बुडवायला कंबरेइतकं पाणी लागणार, आणि तेवढं पाणी राहिलं होतं फक्त दोन खडपांमधल्या घळीत. पास्टर आणि दोन माणसं घळीच्या तोंडाशी उभी राहिली. आधी दोन बायका गेल्या, भिजून, थरथरत, हसत बाहेर आल्या. शेवटी एबी गेला. पोहायला येतं का असं त्याला कुणीतरी विचारलं असावं, कारण त्याने हात हलवून काहीतरी चेष्टा केली आणि सगळे हसले.

पास्टरने त्याला मागे झुकवून पाण्याखाली नेलं आणि वर काढलं. काठावर टाळ्या पडल्या. एबी एक पाऊल मागे गेला. मग आणखी एक. आनंदात जातोय असं सुलूला वाटलं. मग त्याचे पाय सुटले. पास्टरने त्याचा सदरा धरला, दुसऱ्याने पास्टरला धरलं, आणि क्षणभर तिघंही एका रेषेत ताणले गेले. सदरा पास्टरच्या हातात राहिला. एबीचं डोकं घळीतून बाहेर, उघड्या समुद्राकडे, माणूस धावेल त्या वेगाने गेलं. तो ओरडला नाही. ओरडणं मागे काठावर होतं.

सुलू टोपली तिथेच टाकून बंदराकडे पळाली. बोर्डाच्या बाजूने, वॉचमनच्या समोरून, वलांडींच्या मधून. महिपत आणि चौघांनी होडी ढकलली. अंधार पडेपर्यंत शोधलं. हात हलवत परत आले.

महिपतने अंगावरचे ओले कपडेही काढले नाहीत. ओट्यावर बसला. "घळीत उतरवलंस त्यांना? पुनवेच्या ओहोटीला?"

"पाणी उतरलं होतं."

"उतरलं म्हंजे काय झालं? इथून तिथवरचं सगळं पाणी त्या घळीतून बाहेर जातं. आमी होडी न्हाय नेत तिकडं. शेंबड्या पोराला ठावं हाय. मला इचारायचंस."

"तू नको म्हणाला असतास."

"म्हणालो असतो."

दोघांपैकी कुणी जेवलं नाही.

मंगळवारी मढं सापडलं, आणि ते महिपतच्याच बोटीला. समुद्रात मढं दिसलं तर सोडून यायचं नाही, ही कोळ्यांची रीत. बोटीचा म्होरक्या, तांडेल, पाण्यात नारळ सोडतो, मढं आपल्या बंदरात आणतात, वाडी त्याच्या उशाशी दिवा लावते. मग ते कुणाचंही असो. महिपतने तांडेलाच्या फोनवरून वाडीत कळवलं. पलीकडून बाबाजीने सांगितलं, बंदरात आणू नका. वर पाहुणे आहेत, फोटो काढतील. जिथे बुडला तिथे उतरवा, पोलिसांनाही तेच बरं पडेल. तांडेलाने महिपतकडे बघितलं. महिपत मढ्याकडे बघत होता. बोटीचं तोंड वळलं. होडी लागत नाही म्हणून त्यांनी छातीएवढ्या पाण्यातून एबीला हातांवर नेलं आणि खडपाच्या पलीकडच्या वाळूवर ठेवलं. दिवा लावायला तिथे कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुलूला पोलीस ठाण्यात बोलावणं आलं. बाबाजी रिक्षाने तिला घेऊन गेला. वाटेत "वयनी, जे झालं ते सांग," एवढंच म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "शिमग्यानंतर वलांडींची आखणी करायची हाय. वरच्या अंगाला जागा वाढवून मागतायत लोक."

ठाण्यात बाकावर ब्लेसिंग बसली होती. तीन दिवसांत तिचा चेहरा खाली उतरल्यासारखा झाला होता. सुलूला बघून ती उठली आणि तिचे दोन्ही हात धरले.

"आंटी, ये लोग बोलता एबी दारू पिया था. बोलता, हम लोग अपना मर्जी से डेंजर जगह में गया. तुम बोलो. अच्छा बीच से हमको निकाला, इसलिए उधर गया. बस इतना बोलो. मेरा माँ को मैं क्या बोलेगा?"

हवालदार वयस्कर होता, वैतागलेला नव्हता. त्याने सुलूला खुर्ची दिली, पाणी दिलं. बाबाजी दाराला टेकून उभा राहिला.

"तुम्ही तिथं होतात?"

"होते."

"ही माणसं प्यायलेली होती?"

"न्हाय. कुणी पिलेलं नव्हतं. देवाचं गाणं म्हणत होते."

बाबाजी हलला नाही. हवालदाराने लिहून घेतलं.

"मग तिकडं कशी गेली?"

"मी नेलं. जागा मी दाखवली, वेळ पण मीच सांगितली. पाण्याची ओढ मला ठाऊक नव्हती. चूक माझी."

ब्लेसिंगला मराठी पूर्ण कळत नव्हतं, पण बाजारात राहून बरंच कळत होतं. ती पुढे झुकली.

"बंदराची वाळू सोडून तिकडं का?" हवालदाराने विचारलं. "या बाई म्हणतायत, तुमच्या वाडीनं यांना हाकलून लावलं. बोर्ड आहे म्हणे."

सुलूने बाबाजीकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. तो कुठे उभा आहे ते तिच्या पाठीला कळत होतं. तिला वारं लागलेल्या बोंबलांचा तो कोरडा खुळखुळाट ऐकू आल्यासारखा झाला. चूक माझी, हे आपण सांगितलं आहे, ती स्वतःशी म्हणाली. मोठी गोष्ट सांगून झाली आहे. राहिली ती लहान.

"हाकलेल कोण," ती म्हणाली. "बोर्ड पर्यटकांसाठी हाय, दंगा करणाऱ्यांसाठी. यांना एकांत पाहिजे होता, म्हणून मी तिकडं नेलं."

हवालदाराने ते लिहिलं, वाचून दाखवलं, सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. सुलूने सही केली.

ब्लेसिंगने सुलूचे हात मघाशी जिथे धरले होते, त्या जागेकडे ती बघत राहिली, जसं काही अजून तिथे काहीतरी आहे. मग तिच्या भाषेत हळू आवाजात दोन शब्द बोलली. त्यांचा अर्थ विचारायची सुलूला हिंमत झाली नाही.

बाहेर रिक्षा उभी होती. बाबाजीने तिला आधी बसू दिलं आणि मग शेजारी बसला. "माणुसकी केलीस, वयनी," तो म्हणाला. "त्यांच्यासाठी पण बोललीस, आपल्यासाठी पण." रिक्षा उत्तनच्या रस्त्याला लागल्यावर त्याने विचारलं, "उद्या बोंबील किती टांगणार? जागा पुरते का तुला?"

"पुरते," सुलू म्हणाली.