चाड्याची तीन भोकं

केमच्या जुन्या गोदामात गावानं शेतीचं म्युझियम मांडलं, तेव्हा पहिलं अवजार दिलं ते सोनाबाईनं. तिच्या सासऱ्याची तिफण, तीन फणांचं पेरणीचं अवजार. पगारी माणूस तिथं एकही नव्हता. ज्याची पाळी असेल त्यानं कुलूप काढायचं, झाडून घ्यायचं आणि आल्यागेल्याला सगळं दाखवायचं.

सरपंच अभिमन्यू तिचा सख्खा पुतण्या. त्याला ते गोदाम खतासाठी हवं होतं.

"काकू, चालत न्हाय ते भंगारच की," तो भर सभेत म्हणाला.

"पेरून दावलं तर?"

"उगवलं तर गोदाम तुमचं."

हस्ताचा पाऊस होऊन गेला होता, वाफसा आलेला. गोदामापुढच्या तुकड्यात अर्धा गाव जमला. तिफण बाहेर आली ती वार्निशनं लखलखत. सोनाबाईनं वरच्या चाड्यात, बी सोडायच्या लाकडी वाटीत, ज्वारीची मूठ सोडली. एक दाणा खाली उतरेल तर शपथ! चाड्याला भोकंच नव्हती.

रिटायर झालेले गुरुराज मास्तर चाचरत म्हणाले, "माझ्या पाळीला वार्निश देताना वाळवीनं पोखरलंय असं वाटलं. मी रंगाऱ्याची लांबी भरून बुजवलं."

"मास्तर, वाळवी मोजून तीन भोकं पाडती व्हय?"

सगळे हसले. अभिमन्यू सगळ्यांत मोठ्यानं हसला.

सोनाबाई तरातरा आत गेली. 'वस्तूंना हात लावू नये' या पाटीखालचा विळा तिनं उचलून आणला आणि टोकानं खरवडून तिन्ही भोकं मोकळी केली.

"आता बैल कुटं हायत?" अभिमन्यूनं डिवचलं.

"गावात बैल ऱ्हायले न्हाईत, सरपंच हाय की. धर जू! मास्तर, तुमी दुसऱ्या अंगाला."

जमलेला गाव बघत होता. सरपंचाला नाही म्हणता येईना. दोघं जुवाखाली वाकले. सोनाबाईचा डावा हात रुमण्याच्या दांड्यावर, उजवी मूठ चाड्यात. पन्नास वर्षं पेरत आलेली मूठ ती. बोटांतून दाणे सारखे सुटत राहिले, तिन्ही नळ्यांतून मातीत गेले.

"नीट चाल रं अभ्या, तास वाकडं हुतंय!"

आठव्या दिवशी ज्वारी वर आली. तीन ओळी, सुतात धरल्यासारख्या, मधे कुठं बोटभर जागा रिकामी नाही. अभिमन्यू बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला.

"जिंकलीस गं, काकू."

"ते मला म्हाईत हाय." सोनाबाईनं कमरेची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. "रविवारची पाळी तुजी. झाडू दाराआड हाय."