‘संपलं’ म्हणेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी नियमावली आहे. कागदावरची नव्हे, संगणकातली. मुळशीत उरवड्याजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात, टाक्यांच्या शेडमध्ये, मी अकरा वर्षे काम करते आहे. माझा संगणक आता पिवळा पडला आहे आणि पडद्यावर रंगाचे बारीक शिंतोडे आहेत. विचारले की उत्तर द्यायचे, एवढेच माझे काम.

मला धम्मदीपाने लिहिले. ती तेव्हा इथे नवी इंजिनिअर होती. ती येण्याच्या महिनाभर आधी वाल्मीक नावाचा कामगार टाकी धुवायला आत उतरला होता. तो जिवंत वर आला नाही. टाकीत नायट्रोजन होता. माल पेट घेऊ नये म्हणून तो नळ्यांतून सोडतात. त्याला वास नाही, रंग नाही. तो श्वासाची हवा बाहेर ढकलतो आणि माणसाला कळतही नाही. “आत काही नाही,” असे त्या दिवशी कुणीतरी म्हणाले होते. वाल्मीकचा जोडीदार गेणबा फिटर हे सांगताना अजूनही खाली बघतो.

धम्मदीपाने मला मुद्दाम लहान भाषा दिली. तिच्यात काही साध्या नोंदी होत्या, जसे ‘सात नंबरची झडप उघडी आहे’. आणि एक नियम होता: एका जागेतून दुसरीत वायू जात असेल आणि दुसरीतून तिसरीत नळी उघडी असेल, तर पहिलीतून तिसरीत वायू जातो. नवे नाव घडवायची मला मुभा नव्हती. शेडमध्ये जागा चाळीस, म्हणजे त्यांच्या जोड्या फार तर सोळाशे. मी एकेक जोडी लिहीत जायची आणि नवी जोडी निघेनाशी झाली की थांबायची. जागा दुप्पट झाल्या असत्या तर जोड्या चौपट झाल्या असत्या, वेळ जास्त लागला असता. पण थांबले असतेच. मग वायू जिथून येऊ शकतो त्या जागांची यादी पडद्यावर द्यायची आणि तिच्याखाली एक शब्द लिहायचा: संपलं. यादी कोरी आणि खाली ‘संपलं’, तरच माणसाने आत उतरायचे.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पाहुणे आले की मला दाखवत. पुढे धम्मदीपा नोकरी बदलून बावधनला गेली. माझ्यावर धूळ बसू लागली. फक्त गेणबा टाकीत उतरण्याआधी चष्मा लावून माझ्यासमोर उभा राही.

मग निरंजन आला. हुशार इंजिनिअर. माझी भाषा त्याला थिटी वाटली. “बालवाडीची भाषा आहे ही!” तो म्हणाला आणि त्याने मला मोजायला शिकवले. वायू किती नळ्या ओलांडून आला, तेही मी सांगू लागले. मला आनंदच झाला होता, खोटे कशाला बोलू? काही महिने सगळे नीट चालले.

या उन्हाळ्यात शेडमध्ये परतीची एक नळी बसवली. त्यामुळे नळ्यांचे एक वर्तुळ तयार झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी चार नंबरच्या टाकीबद्दल मला विचारले. मी वर्तुळात शिरले. एक नळी, दोन, तीन. पुन्हा त्याच जागी आले, पण आकडा वेगळा, म्हणून माझ्या लेखी ती नोंद नवी. पुन्हा फेरी, पुन्हा नवा आकडा. आकडे तर कधीच सरत नाहीत. टाकीकडे जाणारा फाटा तपासायची पाळी आलीच नाही. पडदा कोरा राहिला.

“चला गेणबा, कोरा आहे. वायूला वाट नाही,” निरंजन म्हणाला. “दुपारपर्यंत टाकी धुऊन हवी.”

गेणबाने पट्टा बांधला होता. तो वाकून पडद्याकडे बघत राहिला. “सायेब, ‘संपलं’ कुटं हाय?”

“येईल हो. मशीनपण तुमच्यासारखंच म्हातारं झालंय.”

“व्हय, म्हातारं हाय. पर ती ‘न्हाई’ म्हनली न्हाई अजून. नुसती गप हाय.”

“अहो, गप्प म्हणजे नाहीच की!”

“वाल्मीकच्या येळंलाबी टाकी गपच हुती,” गेणबा म्हणाला आणि त्याने पट्टा सोडला. मग त्याने धम्मदीपाला फोन लावला.

“काका, ‘संपलं’ आलंय का?”

“न्हाई, बाई.”

“मग उतरू नका. मी निघतेच आहे.”

कारखान्यातले प्राणवायू मोजायचे यंत्र दुरुस्तीला गेले होते; तिने स्वतःचे आणले. दोरीला बांधून ते टाकीत सोडले. आकडा आला सात टक्के. आपल्या हवेत तो एकवीसच्या आसपास असतो. निरंजन शेडच्या पायरीवर बसला.

“मी चाचणी घेतली होती, मॅडम,” तो म्हणाला.

“घेतली असशील. तेव्हा वर्तुळ नव्हतं.” ती त्याच्याशेजारी बसली. “किती नळ्या, हा तुझा प्रश्न वाईट नव्हता. पण मोजणी दिलीस, तेव्हा भाषा मोठी झाली. तशा भाषेतले कुठलेही नियम घेतले, तरी ते थांबतील की नाही हे दर वेळी आधी अचूक सांगणारी एकही रीत नाही. सापडायची राहिली आहे असं नाही. ती असूच शकत नाही, हे सिद्ध झालंय. जिथे माणूस आत उतरतो तिथे भाषा लहानच ठेवायची.”

त्या दुपारी निरंजनने आपल्या हातांनी मोजणी काढून टाकली. मला पुन्हा विचारले. पडद्यावर जागांची यादी आली, तिच्यात सात नंबरची झडपही होती. खाली लिहिले होते: संपलं. टाकीकडे जाणारा फाटा त्याच झडपेतून जात होता. गेणबाने ती बंद करून कुलूप घातले आणि तसे नोंदीत लिहिले. निरंजनने टाकीत स्वच्छ हवा सोडली, यंत्राचा आकडा एकवीसच्या जवळ आला. मला पुन्हा विचारले. यादी कोरी, खाली ‘संपलं’. मग गेणबा उतरला, टाकी धुतली आणि वर आला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, नोंदी खऱ्या ठेवा. मला फार काही येत नाही, येते तेवढेच विचारा. आणि मी गप्प असेन, तेव्हा माझ्या तोंडी ‘नाही’ घालू नका.